पहिल्या फेरीचा फिटर

पनवेलमध्ये एकट्या बाईला भाड्याने घर सहज मिळतं, असं मला एकाने सांगितलं होतं. सांगणारा अर्थातच पुरुष होता. एका घरमालकांनी माझ्या गळ्याकडे नीट बघितलं, मंगळसूत्र दिसेना म्हणून बायकोला विचारायला आत गेले आणि परत आलेच नाहीत. दुसऱ्यांनी घर दाखवायच्या आधी गच्चीवर नेऊन विमानतळ कुठल्या दिशेला आहे ते दाखवलं, आणि त्या दिशेचं भाडं वेगळं पडेल असं सांगितलं. तिसऱ्यांच्या सोसायटीत मांसाहारी, विद्यार्थी आणि घटस्फोटित, सगळे एकाच नियमात बसवले होते.

मग चौथं घर, ज्यांना मी पुढे काका म्हणू लागले त्यांचं. जुन्या पनवेलात, वडाळे तलावाजवळ, दुमजली, खाली ते आणि काकू, वरचा मजला भाड्याला. दारावर पितळी पाटी, तिच्यावर काकांचं पूर्ण नाव आणि खाली ‘निवृत्त फोरमन, लोको’. मी गेले तेव्हा काका एका लहान हातोडीने स्वतःच्याच दाराची चौकट ठोकत होते आणि कान लावून ऐकत होते. मला वाटलं, वाळवी असेल.

“लग्न?” त्यांनी न वळता विचारलं.

“झालं होतं.”

“बंद का पडलं?”

या प्रश्नाची माझ्याकडे बरीच उत्तरं तयार होती, सगळी धारदार. त्यातलं एक निवडते आहे तोवर काका म्हणाले, “बॉयलर गेला की चौकट?”

“म्हणजे?”

“बॉयलर म्हणजे आग, वाफ, रोजची धुसफूस. तो बदलता येतो. चौकट म्हणजे तुम्ही स्वतः. तिला तडा असेल तर आत्ताच सांगा. घर देणार नाही असं नाही, पण माहीत असलेलं बरं.”

मी जरा विचार करून म्हटलं, “बॉयलर.”

“मग हरकत नाही. सामान कधी आणताय?”

आतून काकूंचा आवाज आला, “अहो, तिला आधी पाणी तरी विचारा.”

माझ्या घटस्फोटावर तोवर आईने, मावशीने, दोन वकिलांनी आणि एका ज्योतिष्याने मत दिलं होतं. त्या सगळ्यांत शहाणा प्रश्न या हातोडीवाल्या माणसाने विचारला, हे मला तेव्हा कबूल करायचं नव्हतं. मी जासईला एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम बघते. तिथे विचित्र माणसांची कमतरता नाही, त्यामुळे घरी आणखी एक असला तर चालेल, असा मी हिशेब केला.

हातोडीचं प्रकरण असं होतं. वाफेच्या इंजिनाचं चाक चांगलं आहे का, हे रेल्वेच्या शेडमध्ये ठोकून बघत. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. काका निवृत्त झाले, इंजिनं तर त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली, पण हातोडी मात्र कामावर राहिली. ते गॅसचा सिलिंडर ठोकायचे, पाण्याची टाकी ठोकायचे, माझ्या स्कूटरची दोन्ही चाकं रोज सकाळी ठोकायचे. बँकेत मॅनेजरचं टेबल ठोकून त्यांनी “हे प्लाय आहे” असं जाहीर केलं होतं. कलिंगडवाला तेवढा त्यांच्यावर खूश असे, कारण त्याच्या धंद्यात ही विद्या खरोखर लागते.

एकदा त्यांची भाची रोडपालीला फ्लॅट बघायला गेली. काकांना सोबत नेण्याची चूक तिचीच. सॅम्पल फ्लॅटमध्ये गुळगुळीत टायमधला एक मुलगा समुद्राच्या गार वाऱ्याचं वर्णन करत होता. काकांनी हॉलमधला नक्षीदार खांब ठोकला. आवाज बद्द आला.

“सर, तो खांब पीओपीचा आहे, नुसता शोभेचा,” मुलगा म्हणाला.

“मग इमारत कशावर उभी आहे?”

“सर, इमारत अजून उभी नाही.”

काकांना हे उत्तर इतकं प्रामाणिक वाटलं की त्यांनी भाचीला फ्लॅट घ्यायला सांगितलं. तिने घेतला नाही. काकांचा सल्ला न ऐकण्याची त्या घराण्यात परंपराच होती.

काकू ठेंगण्या, चटपटीत आणि जिभेच्या तिखट. बाजारात निघाले की काका दहा पावलं पुढे, हात मागे बांधून. काकू मागून, दोन्ही हातांत पिशव्या. मी एकदा काकांना विचारलं की बरोबर का चालत नाही. ते म्हणाले, “इंजिन पुढेच असतं.” काकू मागून म्हणाल्या, “आणि उतारावर गाडी कोण आवरतं ते पण सांगा तिला. मागचा गार्ड.” काकांनी ऐकलं नाही. त्या अंतरावरून त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येत असे.

काकांचं जगातल्या सगळ्या इंजिनांवर प्रेम होतं असं कोणी समजू नये. नव्याकोऱ्या इंजिनांना ते हिंग लावून विचारत नसत. “नवीन काय, कोणीही विकत आणतं,” असं म्हणायचे. त्यांचा जीव जडला होता तो मालगाडीच्या इंजिनांच्या एकाच वर्गावर. बोटीने आलेली ती इंजिनं. सहा चाकं, आणि वाफेचे सिलिंडर बाहेर नाहीत तर पोटाखाली, दोन चौकटींच्या मधे. काही बिघडलं की फिटरने खाली खड्ड्यात उतरून, अंग आकसून आत शिरायचं. काकांच्या पाठीवर त्याची एक जुनी खूण होती. ती ते अधूनमधून, कोणी मागितलेली नसताना, दाखवत.

ही इंजिनं मुळात फार कोळसा खात आणि त्या मानाने काम कमी करत. “ओल्या वाफेची होती,” काका म्हणायचे. ओली वाफ म्हणजे काय हे समजावण्यासाठी ते मला स्वयंपाकघरात नेऊन काकूंच्या कुकरसमोर उभं करायचे. पाणी उकळून निघाली ती पहिली वाफ, तिच्यात पाण्याचे कण फार. सिलिंडरमध्ये शिरली की निम्मी तिथेच गार होऊन पाणी होते. मग कारखान्यातल्या लोकांनी काय केलं, तर इंजिनं उघडली. चौकट तीच ठेवली, चाकं तीच. बॉयलरमध्ये जाड नळ्या घालून तयार वाफ परत एकदा आगीतून फिरवली. झडपा बदलल्या. पुढचं धुराचं पोट लांब केलं, त्यामुळे इंजिनाला नाक आल्यासारखं दिसे. मग त्याच कोळशावर ते इंजिन जास्त डबे ओढू लागलं. रेल्वेने त्याच्या नावापुढे ‘सी’ हे अक्षर लावलं. सी म्हणजे कन्व्हर्टेड.

“एकदा उकळलेली वाफ पुन्हा आगीतून गेली ना, की कोरडी होते,” काका माझ्याकडे रोखून बघत म्हणत. “मग ती खरं काम करते.”

“अहो, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. डाळीचं पीठ होईल,” काकू म्हणत.

काका शिकाऊ उमेदवार म्हणून भरती झाले तेव्हा हा सगळा बदल होऊन जमाना लोटला होता. इंजिनं म्हातारी झाली होती. लांबच्या गाड्या दुसऱ्यांकडे गेल्या होत्या, आणि ही यार्डात डबे इकडून तिकडे ढकलत, नाहीतर रुळाखालची खडी वाहत. काकांनी त्यांच्यातली शेवटची काही आपल्या हाताने दुरुस्त केली आणि मग आपल्याच हाताने भंगाराच्या लायनीत उभी केली. त्याबद्दल मात्र ते बोलत नसत. विचारलं तर बाहेर जाऊन काहीतरी ठोकत बसत.

त्याऐवजी त्यांनी ते अक्षर माणसांना लावायला घेतलं. ज्याची चौकट जुनी पण आतलं काही बदललेलं, तो सी. गुडघे बदललेल्या समोरच्या आजी सी. दारू सोडलेला इस्त्रीवाला सी. मी तर पहिल्या दिवसापासून सी. येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख “आमच्या वरच्या मॅडम, सी आहेत” अशी करून देत, आणि लोकांना ते माझ्या आडनावाचं अक्षर वाटे. एकाने मला सीए समजून रिटर्न भरायला कागद आणून दिले.

संध्याकाळी अंगणात काकांच्या समोरच्या खुर्चीत कोन गावचे पाटील येऊन बसत. त्यांची शेती रस्त्यात गेली होती आणि तिच्या जागी त्यांच्याकडे डंपर आले होते, म्हणून तेही सी. पाटलांना हा किताब पसंत नव्हता. “आमी सी, ही मॅडम सी, मंग तू कोन रं दादा?” ते विचारत. काका म्हणत, “मी ओरिजिनल.” काकू आतून हसत, आणि ते हसणं मुद्दाम बाहेर ऐकू येईल इतकं मोठं असे.

शेडमधली एक पद्धत मात्र काका अगदी गंभीरपणे सांगत. मोठी दुरुस्ती होऊन इंजिन बाहेर पडलं की त्याला लगेच डबे जोडत नसत. एकदा रिकामंच फिरवून आणत. आणि त्या पहिल्या फेरीला, ज्याने काम केलं तो फिटर इंजिनावर हजर असलाच पाहिजे. खाली उभं राहून हात हलवायचा नाही. मागे नाही, पुढे नाही, ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहायचं. बॉयलर फुटलाच तर दोघांच्या तोंडावर फुटेल. फेरी नीट झाली की फिटर खडूने आत आपलं नाव लिहायचा. ताप असो, घरी लग्न असो, “येतो” म्हटलेला फिटर आला नाही असं कधी झालं नाही, हे काका दर वेळी शपथेवर सांगत.

मी तिथे राहायला येऊन चार वर्षं झाली होती. एके दिवशी भाजी निवडता निवडता काकू मला म्हणाल्या, “यांचा दम बघ गं जरा. झोपेत श्वासाचा आवाज बरोबर येत नाही.” काकांनी हे ऐकलं आणि सिलिंडर ठोकायला निघून गेले. पुढे काही आठवड्यांनी तलावापर्यंत जाताना ते तीनदा थांबले, आणि प्रत्येक वेळी कठडा ठोकत असल्याचं नाटक केलं. मग आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलंच.

हृदयाची एक झडप निकामी झाली होती. बदलावी लागणार होती, आणि लवकर. सर्जन तरुण, हुशार आणि इतका घाईत की खुर्चीत टेकल्यासारखा बसायचा. झडप हा शब्द ऐकून काका खुलले. कुठल्या धातूची, किती दाब सोसते, घासते का, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, “चांगलं आहे. करून टाका. पहिल्या फेरीला तुम्ही याल ना?”

“कुठल्या फेरीला?”

“मी घराबाहेर पहिल्यांदा चालेन तेव्हा. आमच्या गेटपासून तलावाला वळसा घालून परत. शेजारी चालायचं, बस.”

“काका, त्यासाठी आमच्याकडे फिजिओथेरपिस्ट असतात.”

“झडप ते बसवणार का?”

“नाही.”

“मग ते कशाला?”

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. सर्जन येणार नसेल तर ऑपरेशन नाही, असं सांगून ते उठले आणि धापा टाकत लिफ्टपर्यंत गेले. त्यानंतर दोन आठवडे घरात तेच चाललं. पाटील म्हणाले, “दादा, मरशील ना रं असा. त्यो डॉक्टर काय तुजा जावई हाय, फिरायला यायला?” मी उपरोधाने बोलून बघितलं, मग चिडून, मग हात जोडून. काका ढिम्म.

काकूंनीच मला ओट्याशी उभं राहून सांगितलं, “घाबरलेत गं. दुसरं काही नाही. ती पद्धत कशासाठी होती माहीत आहे? फिटर शेजारी असला की ड्रायव्हरची भीती जाते, म्हणून. हे ते तुला सांगायचे नाहीत.” त्यांच्या हातातलं पातेलं त्या उगाचच घासत होत्या. मला फार वाईट वाटलं. या माणसाच्या हट्टावर मी चार वर्षं हसत आले होते, आणि आता तो मरेल अशी मला खरोखर भीती वाटू लागली.

शेवटी काकूंनी त्यांना परत डॉक्टरांसमोर बसवलं. डॉक्टरांनी एक डोळा मोबाईलवर ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “ओके काका, डन. येतो मी.” वर हातही मिळवला. काकूंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. मी कंटेनर यार्डात काम करते. “येतो” या शब्दाचा अर्थ मला ड्रायव्हर, एजंट आणि साहेब अशा तिन्ही भाषांत कळतो. पण काकांना तो फक्त शेडच्या भाषेत कळत होता. त्यांचा चेहरा एकदम निवळला.

बाहेर आल्यावर, गाडी घेऊन आलेले पाटील माझ्या कानाशी म्हणाले, “डॉक्टर नाय येनार. पन आता गप ऱ्हावा. आदी ऑपरेशन होऊ दे.”

ऑपरेशन उत्तम झालं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काकांना चालवलं, ते काही न बोलता चालले; ते त्यांच्या मते शेडमधलं शंटिंग होतं, नुसती आतल्या आत हलवाहलव, धरायचं नाही. घरी पाठवताना डॉक्टरांनी रोज बाहेर चालायचं असं बजावलं आणि पुढचा रविवार स्वतःच्या तोंडाने ठरवला. पाटलांनी अंगणात येऊन त्यांना हिणवून घेतलं, “आता तूच सी झालास ना रं दादा!” काका चक्क लाजले.

रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खिशात खडू असे फाटकाजवळच्या खुर्चीत बसले. आळीतले लोक उगाच येऊन जाऊन बघत होते. नऊ वाजून गेले, अकरा वाजले. मी फोन केला. तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की सर बाहेरगावी आहेत, काही अर्जंट असेल तर इमर्जन्सीत या.

“गारी काढू काय?” पाटील म्हणाले. “जिथं असल तिथनं उचलून आनतो.”

“ओढून आणलेला फिटर चालत नाही,” काका म्हणाले. ते फक्त जेवायला तेवढे आत गेले.

सोमवारी परत तेच. मंगळवारी परत. खोलीतून मोरीपर्यंत जायचे, पण फाटकाबाहेर पाऊल टाकीनात. डॉक्टरांनी “पुढच्या आठवड्यात नक्की” असा निरोप पाठवला आणि काकांनी तोही खरा मानला. त्यांचे पाय सुजू लागले. हॉस्पिटलमधून एक लहान डॉक्टरीणबाई बघायला आली. तिने बाहेर येऊन आम्हाला सांगितलं की हे असेच बसून राहिले तर पायात रक्ताची गाठ होईल, ती वर सरकली तर झडप कितीही चांगली असून उपयोग नाही. काकांनी तिला चहा विचारला आणि खुर्चीतच बसून राहिले.

त्या संध्याकाळी काकू बाहेर आल्या. हात कोथिंबिरीने ओले. पाटील आणि मी पायरीवर बसलो होतो.

“उठा,” काकू म्हणाल्या.

“फिटर आलेला नाही.”

“आलाय. उठा.”

“तू फिटर नाहीस.”

“मग कोण आहे हो मी?” काकूंचा आवाज इतका चढला की समोरच्या आजी खिडकीत आल्या. “त्याने एक दिवस काम केलं तुमच्यावर, आणि गेला गावाला. जखम कोण पुसतंय? गोळ्या कोण देतंय? आणि आवाज कोणी ओळखला? तुमचा श्वास बद्द वाजतोय हे मी सांगितलं, डॉक्टरच्या आधी, सगळ्यांच्या आधी. तेव्हा तुम्ही सिलिंडर ठोकत बसला होतात. जन्मभर जगाला ठोकून बघितलंत, आणि तुमचा आवाज ऐकत जागी कोण होतं?”

पाटलांनी तपकिरीची डबी उघडली होती ती तशीच हातात राहिली. मी काकूंचे हात बघत होते, बोटाला चिकटलेलं कोथिंबिरीचं पान ते चुरत होते. त्या रागावल्या नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या, काकांपेक्षा जास्त, आणि किती तरी दिवसांपासून.

काका खुर्चीचा हात धरून हळूहळू उभे राहिले. काकू सवयीने एक पाऊल मागे सरकल्या.

“मागे नाही,” काका म्हणाले. “फिटर शेजारी असतो.”

दोघं फाटकाबाहेर पडले. पाटील आणि मी बरंच अंतर ठेवून मागून निघालो. मंडईच्या वळणावर काकांनी नेहमीचा वेग धरला, तर काकूंनी शर्ट ओढला. “हळू. कोणी डबे जोडलेत का मागे?” तलावाला वळसा घालेपर्यंत ते दोनदा थांबले, आणि या वेळी काहीही ठोकायचं नाटक न करता, नुसते दम घेत थांबले. काकू शेजारी उभ्या होत्या. परतताना त्यांनी काकांचा दंड धरला होता. भर बाजारातून असं चालल्याबद्दल दोघांचेही चेहरे चोरी पकडल्यासारखे झाले होते.

दाराशी आल्यावर काकांनी खिशातून खडू काढून पुढे केला. काकूंनी पदराला हात पुसले.

“कुठे लिहू?”

काकांनी पाटीखालची जागा दाखवली. काकूंनी लाकडावर, जरा तिरक्या अक्षरांत, लिहिलं: शालिनी.

पाटलांनी मोठ्याने वाचलं. “वयनी, तुमचा नाव ह्या हाय? इतकी वर्सं झाली, आमाला म्हाईत नाय!” मलाही माहीत नव्हतं. चार वर्षं मी त्यांच्या हातचं खाल्लं होतं, आणि कधी विचारलंच नव्हतं.

महिन्याने तपासणीला गेलो तेव्हा सर्जन रिपोर्ट बघून खूश झाले. “छान. रोज चालता ना?”

“चालतो. फिटर चांगला मिळाला,” काका म्हणाले.

“थँक यू,” डॉक्टर विनयाने म्हणाले. काकू वर पंख्याकडे बघत राहिल्या.

आता मी रोडपालीला स्वतःच्या घरात राहते. त्यातले खांब काकांनी ठोकून पास केलेले आहेत. बाजारात काका अजूनही चार पावलं पुढे चालतात, पूर्वी दहा होती. तलावावर मात्र दोघं बरोबर असतात. गेल्या दिवाळीआधी त्यांनी दाराला हिरवा रंग लावून घेतला. रंगाऱ्याने घासायला पॉलिशचा कागद काढला तेव्हा काका खुर्चीतून ओरडले म्हणे, इतक्या जोरात की काकू झडपेच्या काळजीने धावत आल्या. दार आता नवंकोरं हिरवं आहे, आणि पाटीखाली वीतभर जागा जुन्याच रंगाची, तिच्यावर फिकट झालेला खडू. येणारे हटकून विचारतात, रंग कमी पडला का.

“नाही,” काका सांगतात. “तिथे सही आहे.”